तुसिताला : रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचें बेटांवरील जीवन

दूर समुद्रांत एखादें बेट असावें, त्यावर माडांची राई असावी, पांढऱ्या वाळूचा शांत किनारा असावा, आणि शाळेची घंटा किंवा परीक्षेचा निकाल यांपैकीं कशाचीहि वार्ता तेथें पोहोंचूं नये, असें स्वप्न कोणत्या विद्यार्थ्यानें पाहिलें नसेल? ज्यांनीं 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी वाचली आहे त्यांनीं तर तें जागेपणींहि पाहिलें असेल. त्या कादंबरीचा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यानें ती लिहिली तेव्हां दक्षिण समुद्रांतील एकहि बेट त्याच्या दृष्टीस पडलें नव्हतें. पुढें सात वर्षांनीं तो खरोखरच अशा बेटांत गेला, तेथें त्यानें घर केलें आणि तेथेंच देह ठेविला. स्वप्नांतील बेट आणि खरें बेट यांत केवढें अंतर असतें हें त्याला कसें कळलें, आणि कळल्यावर त्यानें काय केलें, हें थोडक्यांत सांगावें असा या लेखाचा हेतु आहे.

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजीं स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें झाला. त्याचें घराणें दीपगृहें बांधणाऱ्या एंजिनिअरांचें. भरतीच्या वेळीं पाण्याखालीं बुडून जाणाऱ्या बेल रॉक नांवाच्या खडकावर आजोबा रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनीं दीपगृह उभारलें. त्याचा दिवा १८११ सालीं प्रथम लागला आणि तें दीपगृह आजहि उभें आहे. चुलते ॲलन यांनीं स्केरीव्होर येथील उंच दीपगृह बांधलें. तेथें १८४४ सालीं दिवा लागला. वडील टॉमस हेहि त्याच धंद्यांत नांवाजलेले होते. आपल्या एकुलत्या एका मुलानें हीच परंपरा पुढें चालवावी असें त्यांना वाटणें स्वाभाविक होतें.

परंतु मुलगा जन्मतःच अशक्त. हिवाळा आला कीं खोकल्यानें त्याच्या रात्री जागून जात. ॲलिसन कनिंगहॅम नांवाची एक प्रेमळ दाई त्याच्या उशाशीं बसे, त्याला बायबलांतील व स्कॉटलंडच्या इतिहासांतील कथा सांगे, आणि फारच बेचैन झाल्यास त्याला उचलून खिडकीपाशीं नेई. समोरच्या रस्त्यावरील अंधारांत एखाददुसऱ्या खिडकींत दिवा दिसे. तेथेंहि एखादा आजारी मुलगा सकाळची वाट पाहत असेल, अशी कल्पना करून तीं दोघें आपलें समाधान करून घेत. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याची जी दृष्टि पुढें या लेखकाच्या ठायीं दिसून आली, तिचें बीज या रात्रींत पडलें असावें.

१८६७ सालीं तो एडिंबरो विश्वविद्यालयांत एंजिनिअरिंग शिकूं लागला. दीपगृहांतील दिव्याच्या एका नव्या योजनेवर त्यानें निबंध लिहिला व १८७१ सालीं त्याबद्दल त्याला रौप्यपदकहि मिळालें. परंतु त्याच वर्षीं आपणांस लेखक व्हावयाचें आहे असें त्यानें वडिलांस सांगून टाकलें. वडिलांस तें ऐकून दुःख झालें. तरी निदान वकिलीची परीक्षा द्यावी अशा तडजोडीवर त्यांनीं संमति दिली. १८७५ सालीं तो वकील झाला खरा, पण वकिली त्यानें जवळजवळ केलीच नाहीं. १८८० सालीं त्यानें कॅलिफोर्नियांत फॅनी ऑसबोर्न या अमेरिकन बाईशीं विवाह केला. तिला पहिल्या विवाहापासून झालेलीं मुलें होतीं. त्यांपैकीं लॉइड या मुलाशीं स्टीव्हन्सनची लवकरच गट्टी जमली.

१८८१ च्या उन्हाळ्यांत हें कुटुंब स्कॉटलंडांत ब्रेमार या गांवीं राहिलें होतें. पावसानें बाहेर पडणें अशक्य झालें, म्हणून लॉइडच्या करमणुकीसाठीं स्टीव्हन्सननें त्याच्यासवें एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगविला. नकाशा पाहतां पाहतां त्यांतील झाडींतून माणसें डोकावूं लागलीं आणि रोज एक प्रकरण याप्रमाणें कथा तयार होऊं लागली. ती ऐकावयास लॉइडबरोबर वृद्ध टॉमस स्टीव्हन्सनहि येऊन बसत, एवढेंच नव्हे तर कथेंतील एका खलाशाच्या पेटींत कोणकोणत्या वस्तु असाव्या याची यादीहि त्यांनींच करून दिली. लेखनाच्या धंद्यावरून ज्या पितापुत्रांत एके काळीं वितुष्ट आलें, त्यांस या मुलांच्या गोष्टीनें एका मेजाभोंवतीं आणून बसविलें. ही कथा प्रथम एका बालमासिकांत आली व १८८३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध होऊन जगभर गाजली.

कीर्ति वाढत होती, पण प्रकृति खालावतच होती. फुप्फुसांतून वारंवार रक्त पडे; त्याला क्षय आहे असाच बहुतेकांचा समज होता. १८८७ सालीं वडील वारल्यावर तो आई, पत्नी व लॉइड यांसह अमेरिकेंत गेला व ॲडिराँडॅक पर्वतांतील सारानॅक सरोवराकांठीं त्यानें एक कडक हिवाळा काढला. उबदार समुद्रावर गेल्यास कदाचित् चार दिवस अधिक जगतां येईल, या आशेनें त्यानें 'कॅस्को' नांवाचें दोन डोलकाठ्यांचें गलबत भाड्यानें घेतलें. २८ जून १८८८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को बंदरांतून तें हाकारलें. त्याची आई त्या वेळीं एकोणसाठ वर्षांची होती. तरीहि ती माउली मुलाबरोबर पॅसिफिक महासागरावर निघाली, हें विसरतां कामा नये.

सुमारें महिन्याभराच्या प्रवासानंतर पहाटेच्या वेळीं मार्केसस द्वीपसमूहांतील नुकु हिवा बेटाचे उंच काळे कडे दिसूं लागले, आणि गलबत अनाहो नांवाच्या उपसागरांत नांगर टाकून उभें राहिलें. माडांची रांग, वाळूची अर्धवर्तुळाकार पट्टी, डोंगरावर चरणाऱ्या शेळ्या आणि सर्वत्र शांतता, असा तो देखावा होता. बंदर नव्हतें, धक्का नव्हता, खानावळ किंवा दुकान यांचें तर नांवच नको. थोड्याच वेळांत होड्यांतून बेटावरील लोक आले आणि गलबतावर चढले. अंगभर गोंदलेलीं तीं माणसें पाहून प्रथम स्टीव्हन्सनला परकेपणाच वाटला. ना भाषा समान, ना रीतिरिवाज.

हा परकेपणा त्यानें मोठ्या युक्तीनें घालविला. त्याच्या स्वतःच्या देशांतील डोंगराळ मुलखांत शंभर वर्षांपूर्वीं निरनिराळीं कुळें होतीं, त्यांचे सरदार होते, आणि १७४५ च्या बंडानंतर परक्या कायद्यानें त्यांची शस्त्रें व पोशाखहि हिरावून घेतले होते. आपल्या पूर्वजांच्या या कथा तो बेटावरील वृद्धांस सांगे, आणि त्या ऐकतांच तेहि आपल्या कथा सांगूं लागत. ज्यास दुसऱ्याची गोष्ट हवी असेल त्यानें आधीं आपली गोष्ट द्यावी, हा व्यवहार त्यानें पुढें प्रत्येक बेटावर पाळला.

अशा संभाषणांतूनच त्या शांत किनाऱ्याचें रहस्य त्याला उलगडलें. रानांतून हिंडतांना ठिकठिकाणीं मोठमोठ्या दगडांचे चौथरे दिसत. त्यांवर एके काळीं घरें होतीं. आतां वेली माजल्या होत्या. गोऱ्यांच्या जहाजांबरोबर आलेल्या देवीच्या व क्षयाच्या सांथींनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. एका खोऱ्यांत तर आधीं देवी आल्या आणि मागाहून क्षय आला, तेव्हां एका संबंध कुळांतील जवळजवळ कोणीहि उरलें नाहीं. ज्या रोगाच्या भीतीनें आपण येथें आलों, त्याच रोगानें हे किनारे निर्मनुष्य केले आहेत, हें त्याच्या ध्यानांत आलें असेल तेव्हां त्याच्या मनास काय वाटलें असेल याची वाचकांनींच कल्पना करावी. प्रवाशाला जी शांति मनोहर वाटते ती कधीं कधीं स्मशानाची शांति असते, हा पहिला धडा तो येथें शिकला.

मार्केससहून 'कॅस्को' पौमोतु, म्हणजे आजच्या नकाशावरील तुआमोतु, या प्रवाळद्वीपांत गेलें. फाकारावा हें त्यांतील एक मोठें बेट. बेट म्हणजे समुद्रांत पडलेलें प्रवाळाचें एक प्रचंड कडें. आंत सरोवराप्रमाणें संथ पाणी, बाहेर गर्जणारा महासागर, आणि मध्यें थोड्या पावलांत ओलांडतां येईल एवढी जमिनीची पट्टी. तेथील रोतोआवा हें गांव त्या वेळीं बहुतेक रिकामें होतें, म्हणून स्टीव्हन्सनच्या मंडळींनीं एक लहानसें घर भाड्यानें घेतलें. कोंकणांतल्या माणसास माड नवीन नाहीं. परंतु माडाखालीं माती नाहीं, ओढा नाहीं, गुरें नाहींत, अशी भूमि त्यासहि नवीनच वाटेल. भाजीपाला करावयाचा तर खड्डे खणून त्यांत माती भरावी लागे. मासे विपुल, पण एका बेटाजवळ जो मासा खाण्यास उत्तम तोच शेजारच्या बेटाजवळ विषारी, असा चमत्कार. प्रवाळांवर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून हें विष माशांत येतें असें पुढें शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें. त्या काळीं मात्र तेथील रहिवाशांचा अनुभव हाच एक आधार होता. म्हणजे पुस्तकी विद्वानानें तेथें कोळ्याच्या पोरापुढें शिष्य होऊन बसावें लागे.

फाकारावाहून ताहिती. राजधानी पापीती येथें स्टीव्हन्सन इतका आजारी पडला कीं तो वांचेल असें वाटेना. तशा स्थितींत त्याला ताउतिरा या दूरच्या गांवीं हलविण्यांत आलें. तेथील राजघराण्यांतील मोए नांवाच्या बाईनें त्याची हकीकत ऐकली आणि त्याला आपल्या आसऱ्याच्या घरीं आणविलें. लिंबाच्या रसांत व नारळाच्या दुधांत घातलेली मासळी भरवून तिनें त्याला पुन्हां उभें केलें. गांवचा नायक ओरी यानें तर त्याला भाऊ मानलें, आणि तेथील रिवाजाप्रमाणें दोघांनीं एकमेकांचीं नांवें घेतलीं.

ताउतिरा येथील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. निघण्यापूर्वीं स्टीव्हन्सनच्या आईनें गांवांतील ख्रिस्ती स्त्रियांस गलबतावर बोलाविलें होतें. त्यांपैकीं एकीनें प्रार्थना करतांना, या जहाजांत कांहीं दोष असेल तर तो वेळींच उघडकीस येवो, असें मागणें मागितलें. मागाहून कप्तानानें तपासणी केली तों मुख्य डोलकाठी आंतून कुजलेली निघाली! भर समुद्रांत वादळ झालें असतें तर कोणीहि वांचलें नसतें. दुरुस्तीसाठीं गलबत पापीतीस गेलें तें आठवडेच्या आठवडे परत येईना. इकडे पाहुण्यांजवळचा शिधा व पैसाहि संपला. स्टीव्हन्सन संकोचला, पण ओरीनें त्याला आपल्या घरीं ठेवून घेतलें, आपल्या अन्नांतून सर्वांस खाऊं घातलें, आणि शेवटीं खवळलेल्या समुद्रांतून होडी घेऊन तो स्वतः पापीतीस गेला व खर्ची आणि शिधा घेऊन आला. सोयी नसलेल्या बेटावर माणूस हीच काय ती सोय असते, हा दुसरा धडा.

१८८९ च्या जानेवारींत तो हवाई बेटांतील होनोलुलू येथें पोहोंचला. या द्वीपसमूहांत मोलोकाई नांवाचें बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, मागें उभा कडा आणि पुढें समुद्र अशा जागीं, कुष्ठरोग्यांची वसाहत होती. तेथें सोळा वर्षें सेवा करून स्वतःहि त्या रोगास बळी पडलेले बेल्जियन धर्मगुरु फादर डॅमियन १५ एप्रिल १८८९ रोजीं वारले. पुढील महिन्यांत स्टीव्हन्सन त्या वसाहतींत गेला व आठवडाभर राहिला. त्या काळीं या रोगावर औषध नव्हतें. आतां तो औषधोपचारानें पूर्ण बरा होतो. तरीहि तो तेथील रुग्ण मुलींबरोबर हातमोजे न घालतां खेळला, त्यांना क्रोकेटचा खेळ शिकविला, आणि परत गेल्यावर त्यांच्यासाठीं एक पियानो पाठवून दिला. पुढें होनोलुलूच्या एका पाद्र्यांचें फादर डॅमियन यांची निंदा करणारें पत्र छापून आलेलें त्याच्या वाचनांत आलें. स्टीव्हन्सन स्वतः दुसऱ्या पंथांत वाढलेला होता, आणि आपण उत्तर दिल्यास अब्रुनुकसानीचा खटला होऊन सर्वस्व जाईल अशी त्याला भीति होती. तथापि घरच्या मंडळींचा विचार घेऊन १८९० च्या फेब्रुवारींत सिडनी येथून त्यानें डॅमियन यांच्या बाजूनें उघड पत्र छापून काढलेंच. खटला झाला नाहीं. पण होईल असें समजूनच त्यानें तें काम केलें होतें.

तत्पूर्वीं, १८८९ च्या जूनमध्यें, तो 'इक्वेटर' नांवाच्या एका व्यापारी गलबतावरून गिल्बर्ट बेटांकडे गेला होता. हीं बेटें आतां किरिबाटी या देशांत मोडतात. भूमध्यरेषेजवळील अबेमामा येथें तेंबिनोक नांवाचा प्रबळ राजा राज्य करी. व्यापाराच्या सर्व नाड्या त्यानें आपल्या हातीं ठेविल्या होत्या आणि परक्यांस तो सहसा पाय ठेवूं देत नसे. त्यानें स्टीव्हन्सनला पुष्कळ वेळ न्याहाळलें आणि मग राहण्याची परवानगी दिली. पाहुण्यांसाठीं घरें उचलून आणून उभीं करविलीं व त्यांच्या भोंवतीं कोणीहि प्रजाजनानें ओलांडूं नये अशी मर्यादा आंखून दिली. गलबत परत येण्यास फार विलंब लागला. उन्हानें तापलेली वाळू, डांस व माशा, आणि दिवसेंदिवस कमी होणारा शिधा, अशा स्थितींत सुमारें दोन महिने गेले. तरी त्या राजाशीं झालेली ओळख स्टीव्हन्सनला लाखमोलाची वाटली.

१८८९ च्या डिसेंबरांत तो सामोआ बेटांत आला. मुंबई भूमध्यरेषेच्या उत्तरेस जितकी आहे त्याहून थोडें जवळ, परंतु दक्षिणेस, हीं बेटें आहेत. तेथील पावसाळा आपल्या हिवाळ्यांत येतो. उपोलु बेटावर अपिया गांवापासून तीन मैलांवर, डोंगराच्या कुशींत, वैलिमा येथें त्यानें तीनशें एकरांहून अधिक रान विकत घेतलें. प्रथम हेतु तात्पुरत्या वस्तीचा होता. पण १८९० च्या आरंभीं सिडनीस जातांच तो पुन्हां अंथरुणाला खिळला, आणि थंड हवेंत परत जाणें म्हणजे मरणास बोलावणें होय हें स्पष्ट झालें. 'जॅनेट निकोल' या आगबोटीनें आणखी कित्येक बेटें पाहून तो त्याच वर्षीं वैलिमास कायमचा राहावयास आला. एडिंबरोचे धुक्यानें भरलेले रस्ते आतां पुन्हां दिसणार नाहींत, हें ओळखून त्यानें परदेशांत घर बांधलें.

वैलिमाचें जीवन म्हणजे आरामखुर्चींतील जीवन नव्हतें. रान तोडलें कीं पंधरा दिवसांत पुन्हां माजे. पावसांत घर गळे, टपाल महिन्यांतून एकदां येई, आणि प्रत्येक खिळा बोटीनें आणावा लागे. फॅनीबाई स्वतः हातीं कुदळ घेऊन बाग करीत. स्टीव्हन्सन पहाटे उठून लिहावयास बसे. मोठ्या कुटुंबाचा आणि नोकरचाकरांचा सर्व खर्च त्या लेखणीवर चाले. हात दुखूं लागले तर तो सावत्र मुलगी इझोबेल हिला मजकूर सांगे व ती लिहून घेई. सायंकाळीं घरांतील गोरे व सामोअन सर्वजण एकत्र जमून सामोअन भाषेंत स्तोत्र गात व प्रार्थना करीत.

सामोअन लोकांनीं त्याला तुसिताला असें नांव दिलें होतें. त्याचा अर्थ कथा लिहिणारा. बाटलींतील सैतानाविषयीं त्यानें लिहिलेली एक कथा १८९१ सालीं तेथील मिशनच्या मासिकांत सामोअन भाषेंत छापून आली. तेव्हां ती बाटली याच्याच घरांतील लोखंडी तिजोरींत असली पाहिजे, नाहीं तर एवढें मोठें घर बांधण्यास पैसा कोठून आला, असें कित्येक भोळ्या वाचकांस वाटलें! त्याच वर्षीं त्यानें एक गमतीचा दस्तऐवज केला. सामोआंतील अमेरिकन अधिकारी आइड यांच्या ॲनी नांवाच्या मुलीचा जन्म नाताळच्या दिवशींचा, म्हणून तिला वाढदिवसाची निराळी भेट कधीं मिळत नसे. स्टीव्हन्सननें रीतसर कायदेशीर भाषेंत, साक्षीदारांच्या सह्यांसह, आपला १३ नोव्हेंबरचा वाढदिवस त्या मुलीस देऊन टाकला. त्याच्या वकिलीचा याहून गोड उपयोग दुसरा झाला नाहीं.

परंतु त्या बेटांवर सुख नव्हतें. जर्मनी, इंग्लंड व अमेरिका या तीन राष्ट्रांनीं सामोआंत आपापले हितसंबंध गुंतविले होते. १८८९ च्या मार्चमध्यें अपियाच्या बंदरांत त्यांचीं सात लढाऊ जहाजें एकमेकांवर डोळे वटारून उभीं असतां प्रचंड वादळ झालें. तीन जर्मन व तीन अमेरिकन जहाजें बुडालीं किंवा किनाऱ्यावर फेंकलीं गेलीं, आणि फक्त इंग्लिश 'कॅलिओपी' बाहेर निसटली. त्याच सालच्या बर्लिन येथील करारानें मालिएतोआ लौपेपा यास राजा मानण्यांत आलें. माताफा या लोकप्रिय नायकाचा हक्क मात्र डावलला गेला. स्टीव्हन्सननें हें सारें जवळून पाहिलें आणि १८९२ सालीं या भानगडीचा सडेतोड इतिहास प्रसिद्ध केला. लंडनच्या 'टाइम्स' पत्रालाहि तो पत्रें लिही. तें अधिकाऱ्यांना रुचलें नाहीं. त्याला बेटाबाहेर घालवून देतां येईल असा नियमहि पुढें काढण्यांत आला. ज्याला दुसरीकडे जगतांच येत नव्हतें त्याच्या दृष्टीनें ही धमकी लहान नव्हती. तरी तो गप्प बसला नाहीं.

१८९३ च्या जुलैमध्यें युद्ध झालें व माताफाचा पराभव झाला. त्याला दूर मार्शल बेटांत हद्दपार करण्यांत आलें, आणि त्याच्या पक्षाचे अनेक नायक अपियाच्या तुरुंगांत पडले. पराभूतांकडे कोण ढुंकून पाहतो? परंतु स्टीव्हन्सन त्यांच्याकडे वारंवार जाई, अन्न, तंबाखू व कावा हें त्यांचें आवडतें पेय नेई, आजाऱ्यांसाठीं डॉक्टर पाठवी, आणि त्यांच्या सुटकेसाठीं खटपट करी. त्या कैद्यांनींहि तुरुंगाच्या आवारांतच त्याला रीतसर मेजवानी दिली.

१८९४ सालीं ते नायक सुटले. सुटल्यावर आधीं आपापल्या घरीं जावें, शेतें पाहावीं, असें कोणाच्याहि मनांत येईल. परंतु ते वैलिमास आले, आणि सरकारी रस्त्यापासून घरापर्यंत आपण रस्ता बांधून देणार असें त्यांनीं कळविलें. मजुरी नको, भेटी नकोत. सामोआंत मोठे सरदार स्वतः रस्ते खणीत नसत. ज्यांनीं हा रस्ता खणला ते सरदारच होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या श्रमांची किंमत कळते. ऑक्टोबरांत रस्ता पुरा झाला. त्यावर त्यांनीं आपल्या नांवांचा फलक लाविला, आणि त्यास प्रेमळ अंतःकरणाचा रस्ता असें नांव दिलें.

त्या प्रसंगीं स्टीव्हन्सननें त्यांस मेजवानी दिली व भाषण केलें. त्यानें त्यांची स्तुति करून वेळ मारून नेली नाहीं. आपल्या भूमीचें खरें रक्षण बंदुकीनें होत नाहीं. रस्ते बांधून, झाडें लावून, आपला माल आपण पिकवून व विकून होतें. जी जमीन तिचे धनी ओसाड टाकतात ती दुसरे घेतात, आणि स्कॉटलंड, आयर्लंड व हवाई येथें हेंच घडलें, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. मार्केससच्या ओसाड चौथऱ्यांवर जें त्यानें पाहिलें होतें, तें सामोआंत घडूं नये ही त्याची तळमळ होती.

यानंतर तो दोन महिनेहि जगला नाहीं. ३ डिसेंबर १८९४ रोजीं सकाळीं तो 'वीर ऑफ हर्मिस्टन' या कादंबरीवर मोठ्या उत्साहानें काम करीत होता. सायंकाळीं ओटीवर पत्नीला जेवणाच्या तयारींत मदत करतां करतां त्यानें एकाएकीं डोकें धरलें व तो खालीं कोसळला. ज्या फुप्फुसांची आयुष्यभर धास्ती होती तीं राहिलीं बाजूस. मेंदूंत रक्तस्राव होऊन त्याच रात्रीं त्याचा अंत झाला. तो अवघा चव्वेचाळीस वर्षांचा होता.

वाआ पर्वताच्या माथ्यावर आपणांस पुरावें अशी त्याची इच्छा होती. पर्वत सुमारें दीड हजार फूट उंच, रान दाट, आणि वर जाण्यास वाट नाहीं. निरोप जातांच सामोअन लोक कुऱ्हाडी व कोयते घेऊन आले आणि त्यांनीं चढावरून माथ्यापर्यंत वाट तोडून काढली. रात्रभर त्यांचे नायक उत्तम विणलेल्या चटया घेऊन येत व मृतदेहाजवळ मूकपणें बसत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं खांद्यावरून शवपेटी त्या उभ्या चढणीवर नेली. पुढें नायकांनीं त्या पर्वतावर बंदूक चालविण्यास बंदी केली, हेतु हा कीं तुसितालाच्या समाधीभोंवतीं पक्ष्यांनीं निर्भयपणें गावें. समाधीच्या एका बाजूस त्यानें स्वतः लिहिलेल्या ओळी आहेत. दुसऱ्या बाजूस सामोअन भाषेंत रूथच्या पुस्तकांतील तें वचन आहे, ज्यांत रूथ परक्या लोकांस आपले लोक मानते. १९१५ सालीं फॅनीबाईंची रक्षाहि तेथेंच ठेवण्यांत आली.

पुढें सामोआवर प्रथम जर्मनीची व मग न्यू झीलंडची सत्ता आली. १९६२ सालीं पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. वैलिमाचें घर राज्यकर्त्यांचें निवासस्थान होतें; स्टीव्हन्सनच्या मृत्यूला शंभर वर्षें झालीं त्या वेळीं, १९९४ सालीं, तेथें त्याच्या स्मरणार्थ संग्रहालय उघडण्यांत आलें.

विद्यार्थीमित्रांनो, या मनुष्याच्या हातून दीपगृह बांधलें गेलें नाहीं, याची खंत त्याच्या वडिलांस दीर्घकाळ होती. परंतु दीपगृह म्हणजे तरी काय? दूर, एकाकी खडकावर, आपणांस न दिसणाऱ्या माणसासाठीं लावून ठेवलेला दिवा. स्टीव्हन्सन बेटांवर गेला तो स्वतःच्या प्राणासाठीं. तेथें त्याला शेजारी भेटले, आणि त्यांच्यासाठीं तो धोका पत्करून उभा राहिला. आज आगबोटी व विमानें यांनीं दूरचीं बेटें जवळ आणलीं आहेत, आणि तुमच्यापैकींहि कोणी एखाद्या दिवशीं तशा शांत किनाऱ्यावर उतरेल. उतराल तेव्हां वाळूवरील पाऊलखुणांकडे पाहा. त्या कोणाच्या आहेत हें विचारा. आणि त्याची गोष्ट ऐकावयाची असेल तर आधीं आपली सांगा.